विरजण मागत पाहिलेली घरं

बाभळवाडी, ता. संगमनेर
१८ जानेवारी १९७३

माझ्या भागाबाईला, आणि तिच्या खांद्यावरून वाचणाऱ्या राधाकृष्णरावांनाही, गोजरआजीचा पोटभर आशीर्वाद.

तुझं कार्ड संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. मी ते तीनदा वाचलं, मग तुझ्या मामीला, चांगुणाला वाचायला लावलं. साठी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसलेली बाई मी, माझ्या वाचण्याचा मलाच भरवसा नाही. पण चांगुणानंही तेच वाचलं. तुम्ही मुंबईची खोली सोडणार, राधाकृष्णरावांना संगमनेरच्या पतपेढीत कारकुनी मिळतेय, आणि तुम्हाला आपल्या गावात घर विकत घ्यायचंय. मग मी चुलीवरचं विसरले आणि भाकरी करपली. करपलेली भाकरी मीच खाल्ली, पण गोड लागली.

अगं, पाऊस नाही म्हणून इथून रोज माणसं बोचकी बांधून मुंबईच्या एस.टी.त बसतायत. तुम्ही उलट्या गाडीनं येणार. कंडक्टर विचारील, बाई, चुकलात का?

वर्गातल्या गुरुजींनी शिकवलंय की 'हाय' बोलायचं आणि पत्रात 'आहे' लिहायचं. म्हणून हे पत्र जरा शहाणं वाटेल. मी तशी नाही, तुला ठाऊक आहे.

आता घरांचं. गावात चार-पाच घरं विकायची आहेत म्हणतात. नक्की किती ते कुणालाच माहीत नाही, कारण घर काढलंय असं कुणी तोंडानं कबूल करत नाही. भावाचंही तसंच. एक म्हणतो, आत्ताच घ्या, मातीमोल आहे. दुसरा म्हणतो, थांबा, उन्हाळ्यात आणखी उतरेल. तिसरा म्हणतो, एक बरा पाऊस झाला की गेलेले सगळे माघारी येतील आणि मग तुमच्या नातीला गोठासुद्धा मिळायचा नाही. तिघंही एकाच पारावर बसतात आणि तिघांनाही सगळं कळतं.

म्हणून मी माझी रीत काढली. ज्या घरावर संशय आहे तिथं वाटी घेऊन जाते आणि विरजण मागते. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. घरची बाई शिंक्यापाशी गेली की मी बघून घेते. भिंतीला पोपडे आहेत का, धूर बाहेर जातो की घरात फिरतो, मांजर कुठं झोपतं. मांजर झोपतं तिथं ओल नसते, हे लिहून ठेव. दोन घरं झाली. घरात विरजणाच्या तीन वाट्या झाल्यात, आपली धरून. चांगुणा म्हणते, आत्याबाई, दूध एकाच म्हशीचं हाय.

एक गोष्ट तुझ्या कार्डात नाही. का? मुंबई का सोडताय? सगळं जग तिकडं पळतंय. मला कारण कळल्याशिवाय चैन पडायचं नाही, हेही तुला ठाऊक आहे.

तुझी
गोजरआजी

*

चिंचपोकळी, मुंबई
२९ जानेवारी १९७३

ती. आजीस भागिरथीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आम्ही दोघांनी मोठ्यानं वाचलं. हे खूप हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

का म्हणून विचारलंस. कारण विशेष काही नाही. गिरणीच्या पाळ्यांचा कंटाळा आला, आणि तिकडची हवा बरी. एवढंच.

आमची खोली घेणारा माणूस मिळाला आहे. त्याला अक्षय्य तृतीयेला चावी द्यायची असं ठरलं. त्याच्याकडून जे येईल तेवढंच आमच्याजवळ आहे. आजी, त्यात घर एकदाच घेता येईल. चुकलं तर दुसरं घेता येणार नाही आणि ही खोलीही परत मिळणार नाही. म्हणून तुला त्रास देते.

माझे प्रश्न असे. वारा कोणत्या बाजूनं येतो? दारासमोर कच्चा रस्ता आहे का, त्यावरून बैलगाड्या, ट्रक जातात का? जवळ खळं, वीटभट्टी, खडी फोडायचं काम असं काही आहे का? धूळ किती असते? घर लहान चालेल, जुनं चालेल, लांब चालेल, पण धूळ नको.

विरजणाची युक्ती फार आवडली. इथे शेजारणीकडे मागितलं तर ती म्हणेल, डेअरीवर मिळतं.

तुझी
भागा

*

बाभळवाडी
९ फेब्रुवारी १९७३

चिरंजीव भागा,

तुझ्यापायी मी गावात बदनाम झाले आहे. आधी ते ऐक.

चौथ्या घरी मी विरजण मागायला गेले आणि जाता जाता खोली पावलांनी मोजली. ते कुणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कारभारी, म्हणजे पारावरचे ते सगळ्यात म्हातारे, आणखी एकाला घेऊन आपल्या ओट्यावर येऊन बसले. चांगुणानं चहा केला. चहा पिऊन झाल्यावर कारभारी तिला म्हणाले, "सूनबाई, म्हातारी किती दिवसांची? तिला वेगळं काढू नका. लोक हसतात."

चांगुणाला वाटलं मी तिच्यावर रुसून घर शोधतेय, मला वाटलं तिनं गावात काही सांगितलं, आणि तुझा मामा उत्तमराव शेतातून आला तो दोघींवर ओरडला. मग मी तुझं कार्ड आणून दाखवलं. कारभाऱ्यांनी ते उलटसुलट पाहिलं. मुंबईहून कुणी इथं राहायला येतंय, यावर काही त्यांचा विश्वास बसला नाही. जाताना मला हळूच म्हणाले, "गोजराबाई, तरास झाला तर आमच्याकडं या." चांगुणा आता रोज सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात मला जेवायला बोलावते.

पण ऐक, घर सापडलं. आपल्या शेजारचं, सहादेवचं. आपल्या भिंतीला त्याची भिंत. तो पोराकडं भिवंडीला निघालाय. तीन खण, वर पत्रे, परसात लिंब. मांजर भर घराच्या मधोमध झोपलं होतं. भाव दिवाळीपासून दोनदा उतरलाय, पण तो म्हणतो आणखी एक गिऱ्हाईक आहे. असेलही, नसेलही. मी त्याला शब्द दिला, सुपारी दिली. तू इसार पाठव.

तू भिंतीपलीकडं असलीस की मी भिंतीवर थाप मारीन, तू उत्तर दे. आमटी भिंतीवरून देईन. माझ्या मनात तर तुमच्या चुलीची जागासुद्धा ठरलीय.

वारा पश्चिमेचा. रस्ता दारात नाही, मागं आहे. धुळीचं म्हणशील तर धूळ कुठं नाही गं? देवाच्या पायावरही असते. शेजार चांगला आहे. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूचं सावकाश लिहीन.

आणि हवा बरी, हे कारण मला पटलं नाही.

तुझी
गोजरआजी

*

चिंचपोकळी
३ मार्च १९७३

ती. आजीस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. हे आठ दिवस इस्पितळात होते. काल घरी आणलं. आता तुला खरं सांगते. आधी सांगितलं नाही, कारण तू काळजी करशील, आणि गावात कळलं की लोक आजारी जावई म्हणून पाहतील.

अकरा वर्षं हे गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात आहेत. ती कापसाची धूळ छातीत बसली आहे. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की संध्याकाळी श्वास पुरत नसे. आता सोमवार मंगळवार काही राहिलं नाही. गेल्या दिवाळीपासून हे आडवे झोपलेले नाहीत. भिंतीला पाठ लावून, बसून झोपतात. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे धूळ सोडा, कसलीही.

म्हणून मी धूळ धूळ करत होते. तुला वाटलं असेल मुंबईत राहून पोरगी नखरेल झाली.

शेजारचं घर म्हटल्यावर यांनी पाटावर बसल्या बसल्या भिंतीवर थाप मारून दाखवली. अशी मारायची का, म्हणाले. इसाराची मनीऑर्डर मामांच्या नावानं सोमवारी करतो.

भागा

*

बाभळवाडी
७ मार्च १९७३

भागा,

मनीऑर्डर केली असशील तर उत्तम परत पाठवील. केली नसशील तर करू नकोस.

तू जानेवारीतल्या पत्रात विचारलंस, जवळ खळं, भट्टी असं काही आहे का. मी उत्तर दिलं नाही. सहादेवच्या घराच्या दुसऱ्या बाजूला पिठाची चक्की आहे. अंगणाला लागून. इंजिन दिवसभर चालतं. यंदा तर रेशनवरची सरकारी लाल ज्वारी, ती मिलो, दळायला चार गावची माणसं येतात. त्याच्या परसातला लिंब हिरवा नाही गं, पांढरा आहे. मी लिंब लिहिलं आणि रंग लिहिला नाही.

मला वाटलं, तुम्हाला झाडलोटीचा कंटाळा म्हणून धूळ नको. मला वाटलं, आधी या तर खरं, मग होईल सवय. मला तू भिंतीपलीकडं हवी होतीस. एवढंच माझं कारण. तुझं कारण तू लपवलंस आणि माझं मी.

सहादेवकडं जाऊन सांगून आले. तो म्हणाला, "मावशी, सुपारी खाल्ल्यावर सौदा मोडत्यात व्हय?" मी म्हटलं, मोडत्यात, आणि मी खाली बघून घरी आले. चांगुणानं नुसतं जेवायला बोलावलं, हळू आवाजात.

बाकीची घरं रस्त्याकडेला, आणि त्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फुटतेय. एक घर मात्र उरलं. गावापासून दीड मैल, माळाच्या चढावर. त्याच्या पलीकडं नुसतं मोकळं रान. ते लंकाबाईचं. मी तिथं गेलेली नाही. बावीस वर्षं आम्ही बोलत नाही.

मी बघते काय ते. राधाकृष्णरावांना सांग, थाप मारायची तशीच, पण थोडी थांबून.

गोजरआजी

*

चिंचपोकळी
१५ मार्च १९७३

ती. आजीस,

मनीऑर्डर केली नव्हती. त्या सोमवारी यांना पुन्हा दम लागला, म्हणून राहून गेली.

तू चक्की लपवलीस, मी छाती लपवली. आपण मायलेकींपेक्षाही जास्त सारख्या आहोत. रागावले नाही. थोडी रागावले होते, मग पांढरा लिंब डोळ्यांपुढे आला आणि हसू आलं.

पण वेळ कमी आहे. इथे एक दलाल रोज येतो. कल्याणच्या पुढे नवी वसाहत होते आहे, तिथली एक खोली तो दाखवतो. आजूबाजूला अजून बांधकाम चालू आहे, म्हणजे सिमेंट. दलाल म्हणतो, आत्ता घ्या, पुढच्या वर्षी दुप्पट. यांनाही आता कंटाळा आला आहे, कुठेही चला म्हणतात. पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुझं काही आलं नाही, तर मी त्याला हो म्हणेन.

आणि आजी, लंकाबाईशी भांडण कशावरून झालं? आई कधी सांगत नसे. तुला माझं कारण हवं होतं, आता मला तुझं हवं.

भागा

*

बाभळवाडी
२९ मार्च १९७३

भागाबाई,

हे पत्र मी सकाळपासून लिहितेय. पेन्सिल दोनदा तासली. सगळं सांगते, मध्ये उठू नकोस.

भांडण विरजणावरून झालं. बावीस वर्षांपूर्वी लंकाबाई आपल्या दारात वाटी घेऊन आली. मी नुकताच दिवा लावला होता. दिवेलागणीनंतर दूध-दही घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते. माझ्या सासूनं मला हे पढवलं होतं. मी दिलं नाही. ती गेली, ती पुन्हा आली नाही. मी आजवर म्हणत आले, एवढ्याशा गोष्टीवर बाई रुसली.

आता यंदा चारा नाही. गावातली जनावरं छावणीत गेली, आपली म्हैसही गेली. एकेका घरातलं विरजण मोडलं. माझ्या एवढ्या वाट्या होत्या, त्या सगळ्या कोरड्या. सबंध गावात एकीकडंच विरजण राहिलंय. लंकाबाईकडं. तिच्या विहिरीला कमरेएवढं पाणी आहे, त्यावर तिनं एक गाय जगवली.

म्हणजे मला खरोखरच्या गरजेनं वाटी घेऊन जायची वेळ आली. मंगळवारी दुपारी निघाले. दीड मैल, पण खरं सांगते, तीनदा मागं वळले. एकदा गुडघ्यासाठी, दोनदा तोंडासाठी. पोचले तेव्हा तिनं दिवा लावलेला होता.

मी दारातच उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं.

"दिवा लागलाय, गोजर," ती म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय. येते." आणि वळले.

"येते काय? बस. सकाळी घिऊन जा."

मी बसले. गुडघे तसेही चालायच्या स्थितीत नव्हते. तिनं भाकरी वाढली, वर ताक. जेवून झाल्यावर ती म्हणाली, "तवा तू एवढंच म्हणाली असतीस तर. सकाळी घिऊन जा. तू दार लावलंस."

मला नियम पाळलेला आठवत होता. दार लावलेलं आठवत नव्हतं.

मग तिनं सांगितलं. तेव्हा तिचा भाऊ छगन आला होता. मनमाडला रेल्वेत होता. नोकरी सोडून बहिणीपाशी राहायला येणार होता. तिनं त्याच्यासाठी आपल्या घराशेजारी दोन खोल्या बांधल्या होत्या. सामान घेऊन येतो म्हणून तो पहाटे निघणार होता. निघणाऱ्याच्या हातावर दही द्यावं, म्हणजे माणूस माघारी येतो. तिच्याकडचं विरजण नेमकं त्या दिवशी नासलं होतं. मी 'सकाळी ने' म्हटलं असतं, तर ती त्याला एक दिवस ठेवून घेणार होती. तो तसाच गेला. तिकडंच आजारी पडला आणि तिकडंच संपला.

ती म्हणाली, "दह्यानं माणूस येतो असं न्हाई गं. मला बी कळतं. पन मनाला कोन सांगनार."

मी उठून दोघींच्या ताटल्या घासल्या.

सकाळी तिनं आपणहून त्या दोन खोल्या उघडल्या. भागा, त्यात कुणी कधी राहिलेलं नाही. तरी दर दिवाळीला ती चुना देते. जमीन शेणानं सारवलेली, घट्ट. खिडक्या पश्चिमेला, वारा गवताच्या माळावरून येतो, मध्ये ना रस्ता ना खळं. मी भिंतीवरून बोट फिरवून पदराला पुसलं. पदर तसाच. आणि खिडकीत तिचं मांजर झोपलं होतं.

मी घराचं काढलं नाही. माझी हिंमत नव्हती. तीच म्हणाली, "नात येनार म्हनं तुझी. गाव म्हनतंय तुला घराबाहेर काढलंय."

तेव्हा मी सगळं सांगितलं. चक्कीचंही, लपवल्याचंही, जावयाच्या छातीचंही. ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. आजवर तिच्याकडं तीन-चार जण येऊन गेलेत. एकजण म्हणाला, दुष्काळात कुणी विचारायचं नाही, देऊन टाका. दुसरा म्हणाला, धरून ठेवा, पुढं सोनं होईल. तिनं दोघांनाही हाकललं. मला म्हणाली, मुंबईहून सामान घेऊन कुणी येत असेल, तर या खोल्या त्यासाठीच बांधल्यात. सहादेव मागत होता तोच भाव, कमी नाही, जास्त नाही.

एक अट आहे. या घरातून कुणीही गावाला निघालं, तर तिच्या हातचं दही घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. राधाकृष्णराव रोज संगमनेरला जाणार म्हणजे रोज.

घरपट्टीच्या बावीस वर्षांच्या पावत्या तिनं दोऱ्यात ओवून ठेवल्यात. उत्तमनं पाहिल्या, तिचं एकटीचं नाव आहे. खोटं काही लिहीत नाही, म्हणून हेही लिहिते. गाव दीड मैल. दुकान नाही. विजेचा खांब अजून आलेला नाही. पाणी विहिरीवरून शेंदावं लागेल, आणि उन्हाळा सरेपर्यंत पुरेल की नाही हे लंकाबाईही छातीवर हात ठेवून सांगत नाही. आणि मी भिंतीपलीकडं नसेन.

येताना विरजण आणलं. अर्धं शेजारी दिलं, उरलेलं आपल्याकडं लागलंय. दूध विकतचं आहे, पण लागलंय.

पाडवा चार तारखेला आहे. त्या दलालाला काय सांगायचं ते तू ठरव. मी यावेळी काही रंग लपवलेला नाही.

तुझी
गोजरआजी

*

लंकाबाईंचा मळा
१४ मे १९७३

ती. आजीस,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. लंकाबाई उद्या बाजाराला गावात येणार आहेत, त्यांच्या विरजणाच्या बुडकुल्याला फडक्याखाली बांधून देते.

आठ दिवस झाले. पत्रं लिहायची सवय मोडवत नाही, आणि काही गोष्टी तुला समोर सांगता येत नाहीत, तू मध्ये बोलतेस.

पाणी शेंदून हातांना घट्टे पडले. विहिरीत पाणी आता गुडघ्याएवढं आहे, आम्ही तिघं मोजून वापरतो. हे रोज सकाळी हात पुढे करून उभे राहतात. काल म्हणाले, पतपेढी उद्यापासून आहे, पण सराव असावा. लंकाबाई हसल्या. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

चिंचपोकळीची खोली सोडताना मी एकदा मागे वळून पाहिलं. भीती वाटली होती. अजूनही विहिरीत वाकून पाहिलं की वाटते.

पण आजी, परवा पहाटे मला जाग आली तर हे भिंतीपाशी नव्हते. मी घाबरून उठले. हे सारवलेल्या जमिनीवर पालथे झोपले होते. पाय लांब करून. मांजर त्यांच्या पाठीवर होतं.

मी हलवलं नाही. ऊन आत येईपर्यंत बसून पाहत राहिले.

भागा

*

बाभळवाडी
१८ मे १९७३

भागाबाई,

फडकं सोडताना पत्र दह्यात भिजलं. तरी सगळं वाचलं. मांजराचं दोनदा वाचलं, आणि चांगुणालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्याबाई, आता रडू नका, कारभारी ओट्यावर बसलेत, त्यांना वाटंल मी काही बोलले.

सहादेवचं घर चक्कीवाल्यानंच घेतलं. पोती ठेवायला. माझ्या भिंतीपलीकडं आता मिलो राहते. थाप मारली तर उत्तर देत नाही.

काल तुमच्याकडून निघाले तेव्हा तू विहिरीवर होतीस, म्हणून तुला कळलं नाही. लंकाबाईनं मला उंबऱ्यावर अडवलं. म्हणाली, अट ती अट. आणि माझ्या तळव्यावर दह्याची कवडी ठेवली.

मी म्हटलं, "लंके, दीड मैलाला कुनी दही देतं का?"

ती म्हणाली, "किती लांब जायचं त्यासाठी नस्तं ते. माघारी यायसाठी असतं."

मी तिथंच तळवा चाटला आणि निघाले. गुडघे कालपासून बोलतायत, पण हातावर दही पडलं म्हणजे यावं लागतंच. सोमवारी वाटी घेऊन येते. दिवा लागायच्या आत पोचेन. नाही पोचले, तर सकाळी घेऊन जाईन.

तुझी
गोजरआजी